जुना कपडा, नवा कारागीर: कोणता दोष सोडून द्यायचा आणि कोणता नाही

प्रश्न: दादरला घरूनच जुने कपडे निवडून, दुरुस्त करून विकायचं ठरवलं आहे. माल बोहारणींकडून आणि शुक्रवारच्या जुन्या बाजारातून घेणार. कोणता दोष दुरुस्त होतो आणि कोणता नाही, हे घेतानाच कसं ओळखायचं? दुसरी अडचण माणसांची. रफूसाठी दोघांना भेटले. एक काका फार तुसडे, दुकानही जुनाट. दुसरा गोड बोलणारा, दुकान चकचकीत. हातशिलाईसाठी दोन बायकाही हव्या आहेत. निवड कशी करावी?

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. दोष वर बसला आहे की आत शिरला आहे, हे आधी ठरवायचं. भावाचा विचार त्यानंतर. डाग, चुरगळ, तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, कापडावर आलेले गोळे, बंद कपाटाचा कुबट वास हे वर बसलेले दोष. विरलेलं सूत, मेलेलं इलॅस्टिक, सोलवटणारं रेक्झिन, उन्हानं उडालेला रंग हे आत शिरलेले. बाजारात भाव पडतो तो पहिल्या प्रकारामुळे, कारण ते दोष लांबूनही दिसतात. दुसरा प्रकार एका कडक इस्त्रीखाली झाकला जातो. या धंद्यातला नफाही इथेच आहे आणि नुकसानही इथेच.

शुक्रवारी पहाटे दो टाकी, चोर बाजार भागात माल बघताना उजेड कमी असतो आणि घाई जास्त. म्हणून बघण्याचा क्रम पक्का हवा. कपडा हातात आला की आधी उलटा करा. दर्शनी बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, कपडा कसा वापरला गेला ते आतली बाजू सांगते. मोबाइलचा टॉर्च आतून लावा आणि या जागा बघा: काख, कॉलरची घडी, कोपर, पँटची बैठक, दोन्ही मांड्यांमधला भाग. सूत विरलं असेल तिथून उजेड बाकीच्या कापडापेक्षा जास्त आरपार येतो. शंका आली तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकं ताणा, आधी उभं, मग आडवं. चांगलं कापड ताण घेतं आणि जागेवर येतं. विरलेल्या कापडाचे धागे बाजूला सरकतात, बारीक चर्र आवाज येतो. असा कपडा कितीही नावाजलेल्या ब्रँडचा असो, खाली ठेवा. जोर लावून फाडू मात्र नका. तुम्ही पैसे देईपर्यंत तो समोरच्याचा माल आहे.

रंगाचा निर्णय दिव्याखाली घेऊ नका. पिवळ्या दिव्यात काळा आणि गडद निळा एकच दिसतात, आणि खांद्यावरचा उडालेला रंग तर दिसतच नाही. थोडं थांबून उजाडल्यावर बघा, नाहीतर कॉलर वर करून तिच्याखालचा रंग खांद्याच्या रंगाशी ताडून बघा.

मापासाठी लेबलवर विसंबू नका. कपडा धुऊन आटलेला असतो किंवा मधे कुणीतरी आवळून घेतलेला असतो. शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अंगाच्या छातीपेक्षा ते निदान चार इंच जास्त यायला हवं. मग शिवणीतली माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, बघा. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या पँटच्या मागच्या शिवणीत बहुतेक वेळा एक-दीड इंच माया निघते, म्हणजे कंबर तेवढी सोडता येते. ओव्हरलॉक मारलेल्या रेडिमेड कुर्त्यात ती जवळजवळ नसतेच. माया सोडली की जुन्या शिवणीची रेघ उघडी पडते. गडद डेनिमवर ती हमखास दिसते आणि पुढे कधी जात नाही. लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, कंबर आवळणं ही सोपी कामं. खांदा मोठा असेल तर शक्यतो सोडा, कारण त्यासाठी बाही पूर्ण उसवून, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापून परत बसवावी लागते. साध्या शर्टाला तो खर्च परवडत नाही.

चेन बिघडली म्हणून कपडा टाकू नका. दात शाबूत आहेत आणि चेन लावल्यावर मागून उघडते, तर दोष रनरचा, म्हणजे चेनवर वरखाली सरकणाऱ्या तुकड्याचा. तो सैल झालेला असतो. पक्कडीने दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की बऱ्याचदा काम होतं. नाहीतर रनर बदला. त्याच्या मागे बहुधा ३, ५, ८ असा आकडा असतो. तोच आकडा आणि तीच जात, म्हणजे धातूची, प्लास्टिकच्या दातांची की कॉइलची, असा जोड आणा. मधलाच दात तुटला असेल तर मात्र पूर्ण चेन बदलावी लागते.

आता डाग. डागाची जात ओळखल्याशिवाय पाणीसुद्धा लावायचं नाही.

हळदीच्या डागामुळे जितके चांगले कपडे फुकट जातात तितके दुसऱ्या कशाने जात नसतील. साबण लावला की हा डाग लालभडक होतो आणि धुणारा घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल होतं, इतकंच. भरपूर पाण्याने साबण काढला की ते परत पिवळं होतं. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, म्हणून ओला डाग थेट उन्हात धरा. दोन-तीन दिवसांत तो फिका होत जातो. कपडा रंगीत असेल तर डागाची जागा उघडी ठेवून बाकी भाग पांढऱ्या फडक्याने झाका, नाहीतर डागाबरोबर रंगही उडेल. मुंबईच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही. हळदीचे नग बाजूला काढून ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवा.

काखेतला पिवळा डाग बहुतेक वेळा घाम आणि डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून झालेला असतो. त्यावर क्लोरीनवालं ब्लीच टाकलं की तो आणखी पिवळा होतो. सुती कपड्याला एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी असं करून अर्धा तास भिजवा आणि खळखळून धुवा. मग दोन लिटर कोमट पाण्यात एक टेबलस्पून ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालून चार तास ठेवा. मधलं धुणं टाळू नका. व्हिनेगर कोणत्याही ब्लीचमध्ये मिसळू नये, आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर कधीच नाही. त्यातून विषारी वायू निघतो. रेशीम आणि लोकर यांना परकार्बोनेट लावायचं नाही, अल्कलीने ते धागे खराब होतात.

गंजाचा डाग आपल्या दमट हवेत फार. हूक, सेफ्टी पिन, लोखंडी हँगर, कपाटाचा पत्रा, कुठूनही येतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, सुकू लागलं की परत लिंबू पिळा, शेवटी धुवा. इथेही क्लोरीनचं ब्लीच नको: डाग पक्का होतो आणि त्या जागचं कापड कमजोर पडतं. जुना गंज सूतही खातो, म्हणून घेण्याआधी त्या ठिपक्यावर अंगठ्यांची परीक्षा करा. बुरशीचंही तसंच. वास धुण्याने आणि उन्हाने जातो, काळे ठिपके बऱ्याचदा राहतात. पण खरा प्रश्न ठिपक्यांचा नाही, बुरशीने सुती धागा आतून खाल्ला आहे का, हा आहे.

बाकीचे थोडक्यात. रक्त आणि दूध गार पाण्यात, गरम पाण्याने ते बसतं. तेलाला पाण्याआधी भांड्यांचा लिक्विड साबण. बॉलपेनला स्पिरिट, खाली टिपकागद ठेवून. पानाचा जुना डाग जाणारच नाही असं धरून भाव करा.

माल घरात आणल्यावर तो थेट कपाटात किंवा गादीवर टाकू नका. शिवणींत काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकणांची खूण. सुती कपडे ६० अंशांवर धुवा. लोकरीला कसर लागल्याचा संशय असेल तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी गार कपड्यावर साचतं.

मुंबईत एका गोष्टीपासून कायम लांब राहा: पॉलियुरेथेनचं कोटिंग असलेली नकली लेदरची जॅकेटं आणि पर्सेस. दमट हवेत ते कोटिंग हळूहळू विघटित होतं. आधी चिकट लागतं, मग पापुद्रे निघतात. त्यावर रंग, पॉलिश, काहीही टिकत नाही. बऱ्याच बुटांचे तळवे याच कारणाने न वापरताही भुगा होतात. खऱ्या चामड्यावर पांढरी बुरशी असेल तर ती मात्र वरची असते. बाहेर मोकळ्यावर कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिट आणि पाणी समसमान घेऊन ओलसर फडका फिरवा, सावलीत वाळवा आणि चामड्याचं क्रीम लावा. लोक जे घेतात ते चकाकणारं नकली, आणि टाकतात ते बुरशी आलेलं अस्सल.

उडालेल्या रंगावर डाय हा उपाय आहे, पण शिलाईचा दोरा बघून. कापड सुती असलं तरी दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि तो सुती रंग घेत नाही. काळा डाय केलेल्या कुर्त्यावर पांढरे टाके उठून दिसतात. ते चालणार असतील तरच डाय करा. कापडाची जात कळत नसेल तर मायेतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो, रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

बोहारणींकडे साड्या जास्त येतील. रेशमी साडी पूर्ण उलगडल्याशिवाय घेऊ नका. रेशीम आधी घडीवर चिरतं, आणि घडी घातलेल्या साडीत ते दिसत नाही. काळवंडलेली जर म्हणजे खराब जर नव्हे. चांदीची जर हवेने काळी पडतेच. तिला चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावू नका, जरीआधी रेशीम जाईल. अंग विरलं आणि काठ-पदर शाबूत असतील तर ती साडी म्हणून न घेता काठ-पदर म्हणून घ्या आणि तसाच भाव द्या. बोचक्यातले चांगले चार नग उचलून बाकीच्यांचा भाव करू नका. उरलेलं बोचकं त्या मावशींना विकता येत नाही, आणि पुढच्या वेळी चांगला माल तुमच्याकडे येत नाही.

खर्चाचा हिशोब: घेतल्याची किंमत अधिक दुरुस्ती मिळून विक्रीच्या अपेक्षित भावाच्या निम्म्यावर गेली की थांबा. तुमचा स्वतःचा वेळ त्यात धरा. विकताना उरलेल्या प्रत्येक दोषाचा जवळून फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून. दोष सांगून विकलेला कपडा परत येत नाही.

आता रफू, कारण काकांचा प्रश्न त्याशिवाय सुटणार नाही. चांगला रफूगर बाहेरचा दोरा वापरत नाही. त्याच कपड्याच्या मायेतून किंवा पायाच्या दुमडीतून धागे काढतो, उभे वेगळे आणि आडवे वेगळे. भोकाच्या कडा कापत नाही. भोकाच्या पलीकडे अर्धा सेंटिमीटर तरी चांगल्या कापडात शिरून आधी उभे धागे भरतो. मग आडवा धागा मूळ विणीप्रमाणे नेतो: साध्या विणीत एक वर एक खाली, ट्विलमध्ये, म्हणजे जीन्ससारख्या तिरक्या विणीत, तिरकी रेघ धरून. वळणावर प्रत्येक धाग्याचा बारीक फासा मोकळा सोडतो. तो सोडला नाही तर पहिल्या धुण्यात धागा आटतो आणि जागा चुणते. म्हणून रफू उलट्या बाजूने तपासा. मागे ते मोकळे फासे दिसले तर हात शिकलेला आहे. सूटचं कापड, लोकर, जाड सुती यांत रफू लपतो. शिफॉन, व्हॉइल, साटीनवर दिसतोच. टी-शर्ट आणि स्वेटर यांत उभे-आडवे धागे नसतात, फासे असतात, तिथे हे काम चालत नाही.

काकांचं तुसडं बोलणं आणि त्यांचं जुनाट दुकान हे सध्या वर बसलेले दोष समजा. दुकानात दोनच गोष्टी बघा: ते जिथे सुई चालवतात त्या जागी उजेड आहे का, आणि गिऱ्हाइकांचे कपडे जमिनीवर पडले आहेत की टांगलेले, बांधलेले. मग तुमचा कपडा हातात घेतल्यावर त्यांचे हात काय करतात ते बघा. कपडा उलटा केला का? माया चाचपली का? काम झाल्यावर कुठे दिसेल, हे आधी सांगितलं का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर हसून स्वागत झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पण उलटा समजही करून घेऊ नका. तुसडा माणूस चांगला कारागीर असतोच असं नाही आणि गोड बोलणारा फसवतोच असं नाही. चकचकीत दुकान मेहनतीनेही उभं राहतं.

म्हणून दोघांनाही सारखेच तीन नग द्या, पूर्ण दराने, आणि आधी तीन नग बघून पुढचं ठरवणार हे उघड सांगा. एक सोपा, उसवलेल्या शिवणीचा. एक अवघड, सूटच्या कापडाला कसरीने पाडलेलं भोक. आणि एक न होणारा, विरलेल्या काखेचा. खरी परीक्षा तिसऱ्यात आहे. "ताई, यावर पैसे घालू नका" असं जो सांगेल त्याच्याकडे तुमचा महागडा माल निर्धास्त जाईल. तिन्हींना "होऊन जाईल" म्हणणारा तिसऱ्या नगाच्या मागे बहुधा फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा, तुकडा चिकटवून देईल. तो दिसतो छान, पण काही धुण्यांत फुगतो आणि सुटतो, तोवर कपडा तुमच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर असतो. परत आलेल्या नगांवर आणखी बघा: लोकरीवर थेट इस्त्री फिरवून चकाकी आणली आहे का, बटणं मोजून तेवढीच आहेत का, उशीर होणार असेल तर आधी निरोप आला का.

माणसात आत शिरलेला दोष कोणता, तर चूक झाकणं. हाताला झालेली चूक नाही, ती सगळ्यांची होते. ती घडी घालून आत दडवणं. दुसरा, हाताखालच्या पोराला टाकून बोलणं किंवा त्याच्यावर हात उगारणं. गिऱ्हाइकाशी गोड आणि पोराशी क्रूर, अशा ठिकाणी काम देऊ नका, हात कितीही चांगला असो. काकांच्या बाबतीत हेच लक्षात ठेवा: तुटक उत्तर देणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं. दुसरं सोसायची गरज नाही.

हातशिलाईच्या बायका निवडताना पहिल्या भेटीतली भिडस्त उत्तरं, बोलीचा हेल, तोतरेपणा, जुनी साडी, स्मार्टफोन नसणं यांवरून काहीही ठरवू नका. आडनाव आणि गाव विचारायची गरज नाही. कापडाची हातभर पट्टी द्या आणि घरी हेम घालून आणायला सांगा. टाक्यांमधलं अंतर सारखं आहे का, दर्शनी बाजूला टाका टिपून घेतलेला ठिपका किती बारीक आहे, टोकाला गाठ नुसती ओढली आहे की कापडात बुडवली आहे, एवढं पुरतं. समोर बसवून शिवून घेऊ नका. अनोळखी घरात कुणी बघत असताना चांगल्या हातालाही कंप सुटतो. उशीर होत असेल तर कारण विचारा. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, लोकलचा खोळंबा ही कारणं वेळ बदलून सुटतात.

कपडा आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे. कपडा तुम्हाला पारखत नाही, कारागीर पारखतो. काम झाल्यावर तुम्ही दर पाडता का, पैसे त्याच दिवशी देता का, दोष सांगायचा तर त्यालाच दाखवता की शेजारच्या दुकानात जाऊन बोलता, हे त्याला कळत असतं. वर्षानुवर्षं उधारी बुडालेला माणूस नव्या गिऱ्हाइकाशी तुटकच बोलतो. दर आधी ठरवा, रोख द्या, आणि महिनाभर थांबून मग स्वभावाबद्दल मत करा. कापडाचं विरलेलं सूत परत येत नाही. माणसाचा सूर मात्र बऱ्याचदा बदलतो.

पहिल्या महिन्यात महागडा नग कुणाकडेच देऊ नका, आणि दर आठवड्याला जमेल तेवढंच काम द्या. प्रत्येक नगाला चिठ्ठी लावा: दोष कुठे, काय करायचं, कधी हवं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी दोषाच्या जागेभोवती रंगीत दोऱ्याचे चार सैल टाके घालून द्या. खडूची खूण पिशवीतल्या पिशवीत पुसली जाते आणि पेनची खूण म्हणजे तुम्हीच पाडलेला नवा डाग.